नुक्ता हरवला आणि साठाचे सहा झाले
फॅक्स, मॉडेम आणि टेलिफोनच्या आवाजाची जागतिक मापे : व्यापारी व कारागिरांनी काय ध्यानात ठेवावे

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) : डिसेंबर १९९६ मधील गोष्ट आहे. रमजान जानेवारीत लागणार होता. पायजम्याच्या सुती कापडाचे साठ तागे आम्हाला मालेगावहून मागवायचे होते. माझ्या मरहूम वालिद साहेबांची सवय अशी की, मागणी स्वतःच्या हाताने उर्दूत लिहायची आणि शहागंजातील एसटीडी-फॅक्सच्या दुकानातून पाठवायची. त्याप्रमाणे कागद गेला. मशीनमधून 'ओके' छापलेली चिठ्ठी बाहेर आली. वालिद साहेबांनी ती खिशात ठेवली आणि आम्ही निर्धास्त झालो.

रमजानच्या दोन दिवस आधी ट्रान्सपोर्टवर माल आला. साठ नव्हे, सहा तागे! मालेगावच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो शपथेवर सांगू लागला की कागदावर सहाच लिहिले आहे. इकडे वालिद साहेबांच्या हातात मूळ कागद होता आणि त्यावर साठ होते. दोघेही खरे बोलत होते, तरी दोघांच्याही मनात एकमेकांविषयी शंका आली. पंधरा वर्षांचा व्यवहार त्या एका दिवसात तुटता तुटता राहिला. ईदचा हंगाम तर गेलाच.

पुढे मालेगावला गेलो असता त्यांच्याकडचा फॅक्सचा कागद मी पाहिला. उर्दूत शून्य म्हणजे फक्त एक ठिपका असतो. सहाच्या पुढे ठिपका दिला की साठ. त्या कागदावर नेमक्या त्याच जागी केसाएवढी पांढरी पट्टी आडवी गेली होती आणि ठिपका तिच्यात गडप झाला होता. म्हणजे लबाडी कोणाचीच नव्हती. तारेतून जाताना ठिपका वाटेत राहिला होता.

हे कसे झाले, याचा शोध मी त्यानंतर बरीच वर्षे जमेल तसा घेत राहिलो. मी इंजिनियर नाही, कापडाचा व्यापारी आहे. परंतु जे समजले ते आपल्या धंद्याच्या फार उपयोगाचे आहे असे वाटले, म्हणून हा लेख. आज फॅक्सचा जमाना जवळजवळ सरला असला तरी तोच प्रकार आता मोबाईल आणि व्हॉट्सॲपवर नव्या रूपाने घडतो आहे.

तारेवरचा गज

कापडाच्या बाजारात गज एक नसेल तर सौदा होत नाही. १९५६ च्या कायद्यानंतर आपल्याकडे हळूहळू मीटर आणि किलो आले. त्यापूर्वी गावागावांची मापे निराळी असत. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा तर रुपयाही वेगळा होता. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब आपले वडीलधारे तोंडी करीत. मुंबईशी व्यापार करायचा तर हा हिशेब पक्का यावा लागे.

टेलिफोनच्या तारेचेही असेच आहे. जपानमध्ये बनलेले फॅक्स मशीन शहागंजात आणि जर्मनीत बनलेले मशीन मालेगावात असले तरी ती एकमेकांशी बोलतात. याचे कारण दोघांच्या हातात एकच गज आहे. हा गज ठरवणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. १८६५ साली पॅरिस येथे तारायंत्रासाठी हा संघ स्थापन झाला. भारत १८६९ पासून त्याचा सदस्य आहे. आज ती संयुक्त राष्ट्रसंघाची संस्था असून तिचे कार्यालय जिनिव्हा येथे आहे. टेलिफोन आणि तारेची मापे ठरवणारी तिची समिती १९५६ पासून 'सीसीआयटीटी' या नावाने ओळखली जाई. १९९३ मध्ये तिचे नाव 'आयटीयू-टी' झाले.

या मापांची नावे अक्षर आणि आकड्याने देतात. 'व्ही' म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरची माहिती नेणाऱ्या मॉडेमची मापे, 'जी' मध्ये आवाजाची मापे येतात, आणि 'टी' मध्ये फॅक्स व कागदाच्या चित्राची. हे कायदे नाहीत, शिफारशी आहेत. पण जो कारखानदार त्या पाळत नाही त्याचे मशीन दुसऱ्याच्या मशीनशी बोलू शकत नाही, म्हणून सगळे पाळतात.

आठ की साठ?

आधी आवाजाचे पाहू. माणसाच्या आवाजात बारीक-जाड अशा पुष्कळ लहरी असतात. जुन्या टेलिफोनने त्यातील ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेण्याचे ठरवले. तेवढ्यात बोलणे समजते आणि खर्च वाचतो. मात्र 'स' आणि 'फ' या उच्चारांचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. तो तारेतून जातच नाही. त्यामुळे फोनवर 'साठ' म्हटले की पलीकडे 'आठ' ऐकू येण्याचा धोका कायम असतो. 'सात' आणि 'साठ' यांची गल्लत तर निराळीच. आपण समजतो की समोरच्याचे कान खराब आहेत. खरे तर 'स'चा तुकडा तारेनेच कापलेला असतो.

पुढे आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याची पद्धत आली. तिचे माप 'जी. ७११' हे १९७२ साली ठरले. यात दर सेकंदाला ८००० वेळा आवाज मोजतात आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीत बसवतात. आठ हजार गुणिले आठ, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. या पायऱ्या सारख्या नसतात. सराफाच्या काट्यावर गुंज मोजतात आणि लाकडाच्या वखारीत मण मोजतात. तसेच हळू आवाजासाठी पायऱ्या बारीक आणि मोठ्या आवाजासाठी जाड ठेवल्या आहेत.

येथेही हाली-कलदारचा प्रकार झाला. युरोप व भारताने 'ए-लॉ' नावाच्या पायऱ्या घेतल्या, तर अमेरिका व जपानने 'म्यू-लॉ' नावाच्या. दोघांमध्ये फोन लागला की मध्ये हिशेब बदलावा लागतो. पण त्याचा नियमही लिहून ठेवलेला आहे : बदल करण्याची जबाबदारी म्यू-लॉवाल्यांची. वाद व्हायच्या आधीच हिशेब ठरला, म्हणून वाद झाला नाही. आपल्या भागीदारीच्या धंद्यात एवढे पाळले गेले तर किती घरे मोडायची वाचतील!

फॅक्स आणि हिमरूचा नक्शा

आता फॅक्सकडे येऊ. फॅक्सच्या आधी मोठ्या पेढ्यांकडे टेलेक्स असे. त्यावर बहुधा रोमन अक्षरेच जात. ज्याला इंग्रजी टाईप येत नाही त्याचे तेथे काम नव्हते. माझ्यासारखे उर्दू माध्यमात शिकलेले आणि आमचे गुजराती-मराठी लिहिणारे व्यापारी मित्र टेलेक्सपुढे सारखेच अनाडी होतो. फॅक्सने मात्र अक्षर पाठवले नाही, अक्षराचे चित्र पाठवले. त्यामुळे उर्दू, मराठी, गुजराती, काहीही चाले. चिनी लिपीची हजारो चिन्हे लिहिणाऱ्या जपान्यांनी फॅक्स एवढा उचलून धरला तो याच कारणाने. कारागिराला तर नक्षीचे रेखाटनसुद्धा पाठवता येऊ लागले.

ज्या फॅक्सला आपण फॅक्स म्हणतो तो 'ग्रुप ३' प्रकार. त्याचे माप १९८० साली ठरले. कागदाच्या चित्रासाठी 'टी. ४' आणि दोन मशीनांच्या बोलण्यासाठी 'टी. ३०'.

'टी. ४' समजायला आपल्या शहराचा हिमरू आठवावा. हिमरूची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. मग कारागीर एका ओळीत किती घरे कोरी आणि किती भरलेली हे मोजतो : बारा सोड, तीन उचल, वीस सोड, दोन उचल. त्याप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात आणि बाणा आत जातो. फॅक्स मशीन हेच करते. कागदाच्या रुंदीच्या एका ओळीत १७२८ ठिपके धरते आणि 'इतके पांढरे, इतके काळे' असा हिशेब पाठवते. प्रत्येक ठिपका वेगळा पाठवत नाही.

यातील बचत पाहा. साध्या फॅक्समध्ये उंचीच्या एका मिलिमीटरला ३.८५ ओळी असतात. ए-४ कागदाच्या साधारण ११४० ओळी झाल्या, म्हणजे जवळजवळ वीस लाख ठिपके. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने एकेक ठिपका पाठवला तर एका कागदाला साडेतीन मिनिटे लागतील. एसटीडीच्या मीटरवर ते कोणाला परवडणार? मोजून पाठवल्याने साधा लिहिलेला कागद मिनिटाच्या आत-बाहेर जातो. त्यातही हुशारी अशी की, जे वारंवार येते त्याला छोटी खूण दिली. लिखाणाची रेघ बहुधा दोन-तीन ठिपके जाड असते, म्हणून 'दोन काळे' आणि 'तीन काळे' यांना फक्त दोन-दोन बिटांच्या खुणा ठेवल्या. दुकानात जो माल रोज खपतो तो हाताशी ठेवतात आणि वर्षातून एकदा विकला जाणारा माळ्यावर टाकतात, तसेच हे.

दोन मशीनांची बोलणी

फॅक्स लावताना आपण जी चिरचिर ऐकत असू, तो निरर्थक आवाज नव्हता. पाठवणारे मशीन दर तीन सेकंदांनी ११०० हर्ट्झची शिटी वाजवून 'मी फॅक्स आहे' असे सांगते. घेणारे मशीन २१०० हर्ट्झच्या लांब शिटीने उत्तर देते. मग अगदी हळू, सेकंदाला ३०० बिटांच्या वेगाने बोलणी होते. घेणारे सांगते : मला इतका वेग झेपतो, इतक्या रुंदीचा कागद आहे, बारीक छपाई जमते. पाठवणारे त्यातून एक प्रकार निवडते आणि तारेची परीक्षा घेते. तार चांगली असेल तर चांगल्या मशीनांचा वेग १४,४०० पर्यंत जातो. परीक्षेत नापास झाले की एकेक पायरी खाली उतरत ९६००, ७२००, ४८०० आणि शेवटी २४०० वर सौदा ठरतो. अनोळखी गावच्या व्यापाऱ्याशी बोलताना आपणही आधी हळूच विचारपूस करतो, नंतर भाव बोलतो. मशीनलाही तोच अदब शिकवला आहे.

पण आमचा ठिपका मग हरवला कसा? ग्रुप ३ च्या साध्या प्रकारात एखादी ओळ तारेच्या खरखरीने खराब झाली तर घेणारे मशीन ती ओळ कोरी सोडते किंवा आधीचीच ओळ पुन्हा छापते. थोड्याफार खराब ओळी चालवून घेण्याची मुभा त्याला आहे. साध्या छपाईत पेनाचा ठिपका जेमतेम दोन ओळींत मावतो. त्याच दोन ओळी गेल्या, तर साठाचे सहा होतात. आणि मशीन 'ओके' म्हणते.

यावर उपाय नव्हता असे नाही. 'ई. सी. एम.' नावाची चूक-दुरुस्ती पद्धत पुढे आली होती. तिच्यात घेणारे मशीन प्रत्येक तुकडा तपासते आणि खराब तुकडा पुन्हा मागते. परंतु ती दोन्हीकडच्या मशीनांत असावी लागे. शिवाय 'फाईन'चे बटण दाबले तर मिलिमीटरला ७.७ ओळी होतात, म्हणजे ठिपक्याला दुप्पट आधार मिळतो. वेळ जास्त लागतो म्हणून फॅक्सवाला ते बटण आपण होऊन दाबत नसे, आणि आम्हालाही दोन रुपये वाचवायचे असत. त्या दोन रुपयांनी आमचे चौपन्न तागे खाल्ले.

'ओके'ची चिठ्ठीही नीट समजून घेतली पाहिजे. ती फक्त एवढेच सांगते की समोरच्या मशीनने कागद आल्याचे कळवले. माणसाने वाचला का, समजला का, शाई होती का, याची ती ग्वाही देत नाही. पोस्टाची पोचपावती म्हणजे पत्राचे उत्तर नव्हे.

मॉडेमचे दिवस

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. मॉडेमचे काम म्हणजे कॉम्प्युटरच्या आकड्यांचे शिटीत रूपांतर करून तारेवर सोडणे. 'व्ही. ३२' या १९८४ च्या मापाने सेकंदाला ९६०० बिट जात, तर १९९४ च्या 'व्ही. ३४' ने २८,८०० आणि दोन वर्षांनी ३३,६००. कापडाच्या डिझाईनची एक मेगाबाईटची फाईल पाठवायला पहिल्यात जवळजवळ पंधरा मिनिटे आणि दुसऱ्यात पाच मिनिटे लागत, तेही तार मध्येच तुटली नाही तर.

येथे एक किस्सा सांगण्यासारखा आहे. १९९७ मध्ये ५६,००० बिटांचे मॉडेम बाजारात आले, पण दोन प्रकारचे. एका बाजूला यू. एस. रोबोटिक्सचा 'एक्स-२', दुसऱ्या बाजूला रॉकवेल आणि ल्यूसेंटचा 'के-५६ फ्लेक्स'. दोघांचा गज वेगळा. ज्याने एक विकत घेतला आणि त्याच्या इंटरनेटवाल्याकडे दुसरा निघाला, त्याचे जादा पैसे पाण्यात गेले. शेवटी १९९८ मध्ये 'व्ही. ९०' हे एकच माप ठरले आणि भांडण मिटले. नवी वस्तू बाजारात आली की घाई करू नये. माप ठरू द्यावे, मग पैसा गुंतवावा. ज्याने वर्षभर थांबून घेतले तो फायद्यात राहिला.

स्वस्त आवाज आणि मुका फॅक्स

१ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली. ज्यांची मुले सौदी अरेबियात किंवा दुबईत नोकरीला होती, त्या घरांना ही मोठीच नेमत वाटली. हा आवाज स्वस्त कसा झाला? त्यामागे १९९६ चे 'जी. ७२९' सारखे माप आहे. यात सेकंदाला ६४,००० ऐवजी फक्त ८००० बिट लागतात, म्हणजे एका आवाजाच्या जागेत आठ आवाज मावतात.

युक्ती अशी की, यात आवाज पाठवतच नाहीत. मशीनमध्ये माणसाच्या घशाचा आणि तोंडाचा एक नमुना बसवलेला असतो. सेकंदाच्या शंभराव्या भागात घसा कसा होता, स्वर कोणता होता, एवढीच मापे पाठवतात आणि पलीकडचे मशीन त्यावरून आवाज नव्याने तयार करते. शिवलेली शेरवानी पार्सलने पाठवण्याऐवजी फक्त मापे पाठवून तेथे शिवून घेण्यासारखे हे आहे. आवाज थोडा कोरडा वाटतो, पण बोलणे समजते.

मात्र फॅक्सची शिटी माणसाच्या घशातून निघत नाही. तंबूला शेरवानीची मापे लावून काय होणार? पलीकडे भलतेच काहीतरी शिवले जाते आणि फॅक्स तुटतो. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने खर्च वाचवण्यासाठी दुकानातील सर्व फोन इंटरनेटवर नेले. बोलणे उत्तम, पण फॅक्स एकही जाईना. महिनाभर तो मशीनवाल्याला दोष देत राहिला, दोनदा दुरुस्तीचे पैसेही दिले. मशीन चांगलेच होते, आवाजाचे माप चुकीचे होते. यासाठी १९९८ मध्ये 'टी. ३८' हे माप आले आहे. त्यात फॅक्सची शिटी ओळखून तिच्यातील मजकूर वेगळा काढतात, तो माहिती म्हणून नेतात आणि पलीकडे पुन्हा शिटी तयार करतात.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. ठिकठिकाणी तांब्याची तार जाऊन फायबर येत आहे. ज्यांच्याकडे अजून फॅक्स, टेलिफोन लाईनवर चालणारे जुने कार्ड मशीन किंवा तिजोरीचा आपोआप फोन लावणारा अलार्म आहे, त्यांनी लाईन बदलण्यापूर्वी जोडणी देणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत : 'आवाज जी. ७११ ने जाईल का? टी. ३८ ची सोय आहे का?' विशेषतः अलार्म नव्या लाईनवर एकदा वाजवून पाहावा, चोरी झाल्यावर नव्हे.

खामगावचा सौदा

तारेवर ठरलेला सौदा कायद्याने कोठे ठरतो, यावर आपल्याच महाराष्ट्रातील एक नामवंत खटला आहे. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या जिनिंग फॅक्टरीकडे टेलिफोनवर सरकी पेंडीची मागणी केली आणि खामगावहून टेलिफोनवरच होकार आला. पुढे माल न मिळाल्याची तक्रार झाली. दावा अहमदाबादला चालावा की खामगावला, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. अडचण अशी की आपला कराराचा कायदा १८७२ चा आणि टेलिफोन १८७६ चा. कायदा करणाऱ्यांनी टेलिफोन पाहिलाच नव्हता.

१९६५ मध्ये न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की, टेलिफोनवरील होकार जेथे ऐकू येतो तेथे करार होतो, म्हणजे अहमदाबादला. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. कायद्याचे शब्द पाहता, होकार खामगावात बोलला गेला तेव्हाच करार पूर्ण झाला असे त्यांचे म्हणणे होते. हेच हिदायतुल्ला साहेब पुढे १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. दोन्ही मते थोर न्यायमूर्तींची. आपण यातून एवढेच घ्यावे की, होकार 'बोलला' जाणे आणि 'ऐकू येणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाद नेहमी त्या दोहोंमधल्या जागेत होतो. आमचा ठिपकाही त्याच जागेत हरवला होता.

पुढे २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता मिळाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-मेलवर झालेला सौदाही पक्का मानला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी नोंद पुरावा म्हणून दाखल करताना ठरावीक प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून व्हॉट्सॲपवरची मागणी पुसून टाकू नये आणि मोबाईल बदलताना जुना फेकू नये.

आजचा नुक्ता

आज मोबाईलवर आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ येतो. फोर-जीच्या फोनमध्ये जो 'एचडी' आवाज असतो, तो ७००० हर्ट्झपर्यंत जातो, म्हणून 'साठ'मधला 'स' ऐकू येतो. पण दोन्हीकडचे फोन आणि मधली सगळी वाट त्या मापाची असेल तरच. एक जरी कडी जुनी असली तरी पट्टा पुन्हा अरुंद होतो.

कापडवाल्यांसाठी त्याहून मोठा धोका फोटोचा आहे. मोबाईलच्या फोटोचे 'जेपेग' हे मापही याच जिनिव्हाच्या 'टी' मालिकेतील आहे, 'टी. ८१', १९९२ सालचे. माणसाचा डोळा उजेड-अंधारातील फरक बारीक ओळखतो, रंगातील बारकावे कमी. म्हणून या पद्धतीत जागा वाचवताना रंगाची माहिती जास्त कापतात. चेहऱ्याच्या फोटोला ते चालते, पण हिमरूच्या बारीक बुट्टीला किंवा पैठणीच्या काठाला चालत नाही. त्यात व्हॉट्सॲप फोटो आणखी दाबते. गिऱ्हाईक म्हणते, 'फोटोत दाखवला तो रंग आला नाही.' कारागीर म्हणतो, 'मी तोच पाठवला.' पुन्हा दोघेही खरे, आणि पुन्हा दोघांच्या मनात शंका!

म्हणून अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवतो :

१) संख्या नेहमी आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही प्रकारे लिहा. वालिद साहेबांनी 'साठ' असे अक्षरी लिहिले असते तर एक ठिपका गेल्याने काही बिघडले नसते.

२) फोनवर संख्या बोलल्यावर समोरच्याकडून ती परत म्हणवून घ्या. 'साठ, म्हणजे सहा दहा' असे फोडून सांगा. यात कमीपणा नाही.

३) मशीनच्या 'ओके'वर किंवा मोबाईलच्या दोन निळ्या खुणांवर सौदा पक्का समजू नका. माणसाचा लेखी होकार घ्या.

४) रंग आणि पोत जुळवायचा असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाईल जाते. मोठा सौदा असेल तर कापडाचा तुकडाच पाठवा.

५) जुने फॅक्स गुळगुळीत थर्मल कागदावर असतील तर त्यांची झेरॉक्स काढून ठेवा. तो कागद उष्णतेने आणि काळाने कोरा होतो. आमच्या फाईलमधील कित्येक सौदे असेच पुसले गेले.

६) नवी लाईन किंवा नवे मशीन घेताना 'कोणत्या मापाचे आहे?' हे विचारा. फक्त किंमत विचारू नका.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने तो इन्साफाने लिहावा आणि साक्षीदार ठेवावेत, याची सविस्तर तालीम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत दिली आहे. ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. व्यवहारातील शंका दूर राहावी हा तिचा एक हेतू आहे. आम्ही लिहिले होते, पण वाटेत काय झाले ते तपासले नव्हते.

त्या प्रसंगानंतर मालेगावच्या त्या व्यापाऱ्याशी आमचा व्यवहार सुरूच राहिला. त्यांनी पुढच्या हंगामात चौपन्न तागे जुन्या भावाने दिले, आणि वालिद साहेबांनीही पहिल्या सहा ताग्यांचे पैसे एक दिवसही थांबवले नाहीत. त्यानंतर आमच्या दुकानातून जो कागद गेला त्यावर संख्या अक्षरात लिहिलेली असे. आजही माझा मुलगा मोबाईलवर मागणी टाकताना '६०' लिहून पुढे 'साठ' लिहितो. त्याला कारण माहीत नव्हते. हा लेख वाचून कळेल.